‘सर्व कागदपत्रे एकाच पीडीएफमध्ये जोडा’ असा नियम करणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ऑनलाइन अर्जांचे नियम ठरवणारे सर्व अधिकारी,
शासकीय व निमशासकीय कार्यालये, शैक्षणिक संस्था आणि वैद्यकीय मदत देणारे न्यास,
मुंबई.

विषय : कागदपत्रांचे फोटो एकत्र करून लहान आकाराची एकच फाइल देण्याची सक्ती मागे घेण्याबाबत.

महोदय / महोदया,

परळच्या एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर मी २००८ सालापासून झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान चालवते. एक झेरॉक्स मशीन, एक स्कॅनर, दोन संगणक आणि पावसात कागद भिजू नयेत म्हणून दाराला लावलेले जाड प्लॅस्टिक, एवढाच माझा पसारा आहे. पूर्वी लोक कागद घेऊन येत आणि ‘दोन-दोन झेरॉक्स द्या’ म्हणत. आता ते फोन पुढे करतात आणि म्हणतात, ‘ताई, हे सगळे फोटो एक करून द्या, एकच पीडीएफ मागितली आहे, आणि साइज पण कमी करा.’ दिवसाकाठी अशी वीस-पंचवीस माणसे येतात आणि शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाच्या दिवसांत तर रांग जिन्यापर्यंत जाते. या कामाचे मी पैसे घेते, त्यावर माझे घर चालते, आणि तरीही हे काम लोकांना माझ्याकडे आणावे लागू नये, एवढीच मागणी करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

ज्या निर्णयामुळे मला लिहिणे भाग पडले तो असा. एका कार्यालयाच्या ऑनलाइन अर्जात पूर्वी प्रत्येक कागदासाठी वेगळी जागा होती. शाळा सोडल्याचा दाखला एकीकडे, शिधापत्रिका दुसरीकडे, प्रतिज्ञापत्र तिसरीकडे. यंदाच्या जून महिन्यात ती सगळी जागा काढून टाकण्यात आली आणि तिथे एकच ओळ आली की, सर्व कागदपत्रे क्रमाने लावून एकाच पीडीएफ फाइलमध्ये जोडावीत आणि फाइल ५०० केबीपेक्षा मोठी नसावी. मी त्या कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण आकड्यांचा थोडाफार फरक सोडला तर हीच ओळ मला अनेक ठिकाणी वाचायला मिळते आणि एका कार्यालयाने ती बदलून माझ्या दारातली रांग संपणार नाही.

आमच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक मावशी राहतात. त्यांच्या नातीच्या अर्जाला चौदा पाने जोडायची होती. त्यांतले तिसरे पान म्हणजे मावशींच्या सासऱ्यांचा, संगमेश्वर तालुक्यातल्या एका शाळेचा जुना दाखला. तो कागद मी हातात घेऊन पाहिला आहे. चार घड्या घातलेला, घड्यांच्या रेषांवर विरलेला, पिवळा पडलेला. अक्षरे टाकाच्या शाईची आणि उजव्या बाजूला खाली शाळेचा जांभळा गोल शिक्का, तोही इतका फिकट की कागद उजेडाकडे तिरका धरला तरच नीट दिसतो. पुढे कोणीतरी जपणूक म्हणून त्याला लॅमिनेशन करून घेतले, त्यामुळे घरच्या ट्यूबलाइटखाली फोटो काढला की नेमकी नावाच्या ओळीवर पांढरी तिरीप येते. अशी कागदपत्रे अपवादाने लागतात असे कोणी समजू नये. जातपडताळणीचेच उदाहरण घेतले, तर इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या कुटुंबांकडे असा पुरावा असतो तो बहुधा याच अवस्थेत असतो.

नातीने चौदा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवले. ते क्रमाने लावून, सरळ करून, मी फाइल बनवली आणि ती ५०० केबीत बसवली. एकोणीस दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता, ‘कागदपत्रे अस्पष्ट.’ चौदांपैकी कोणते पान अस्पष्ट, त्यावरचे काय वाचता येत नाही, याचा एक शब्द नव्हता. मग मावशी मूळ कागद घेऊन खाली आल्या आणि मी सगळी पाने स्कॅनरवर काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केली. अक्षरे ठसठशीत आली, फाइलही मापात बसली, पण या वेळी शेरा आला, ‘शिक्का दिसत नाही.’ तिसऱ्यांदा मी ते एकच पान रंगीत ठेवले, उरलेली तेरा काळी-पांढरी केली आणि मापात बसवण्यासाठी त्या रंगीत पानाला दाबले. शेरा आला, ‘नावात तफावत.’ मी माझी फाइल उघडून मोठी करून पाहिली. मूळ दाखल्यावर आडनावावर स्पष्ट अनुस्वार आहे. दाबलेल्या चित्रात तो टिंब कागदाच्या पिवळेपणात विरून गेला होता. शिंदेंचे शिदे आणि कांबळेंचे काबळे व्हावे, तसे त्या म्हाताऱ्या माणसाचे आडनाव झाले होते. तिसऱ्या शेऱ्यानंतर अर्ज नामंजूर दाखवला गेला आणि नवा अर्ज, नवे शुल्क, नवी तारीख असे सांगण्यात आले.

यात मावशींची चूक नाही, नातीची नाही, आणि छाननी करणाऱ्या लिपिकाचीही नाही. त्याला पडद्यावर जे दिसले तेच त्याने लिहिले. चूक त्या एका ओळीत आहे. ती कशी, हे मी रोज ज्या कामात हात घालते त्याच्या आधारे सांगते.

ए-फोर आकाराचे पान २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असते. जुने हस्ताक्षर नीट वाचता यावे म्हणून ते इंचाला २०० बिंदू या हिशेबाने स्कॅन केले, तर १६५४ गुणिले २३३९, म्हणजे सुमारे ३९ लाख बिंदू होतात. रंगीत चित्रात प्रत्येक बिंदूला तीन बाइट लागतात, त्यामुळे न दाबलेले पान सुमारे साडेअकरा एमबीचे असते. आता आपला नियम पाहा. ५०० केबी भागिले चौदा पाने, म्हणजे पानाला जेमतेम ३५ केबी. त्या पानाला तीनशे पटींहून अधिक दाबल्याखेरीज ते एवढ्या जागेत मावणार नाही. फोटो दाबून साठवण्याची नेहमीची जेपीजी पद्धत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले बारीक फरक टाकून देऊन जागा वाचवते. थोडे दाबले तर डोळ्यांना काही कळत नाही. पण इतके दाबल्यावर जे सर्वांत बारीक आणि फिकट असते तेच आधी जाते, आणि आपल्या लिपीत बारीक म्हणजे अनुस्वार, रफार, उकाराचे शेपूट, वेलांटीचे टोक. रोमन लिपीत ‘आय’वरचा टिंब गेला तर शब्द बहुधा तोच राहतो. मराठीत टिंब गेला की माणूस बदलतो. ज्या कोणी ५०० केबीचा आकडा ठरवला, त्यांनी एखादा जुना मराठी दाखला त्या मापात बसवून पाहिला होता का, असे मला विचारावेसे वाटते.

काळे-पांढरे करणे हा यावरचा उपाय म्हणून सुचवला जातो आणि छापील मजकुरासाठी तो खरोखरच चांगला आहे. टाइप केलेले पान तसे केले तर थोड्या केबीत बसते आणि प्रिंटही स्वच्छ येते. पण त्यात प्रत्येक बिंदू काळा की पांढरा याचा निकाल यंत्र लावते, मधले काही नसते. फिकट जांभळा शिक्का पांढऱ्यात जमा होतो, आणि तो यावा म्हणून फिकट बिंदूही काळे धरायला यंत्राला सांगितले तर पिवळा कागद काळ्या डागांनी भरून जातो. मावशींच्या दाखल्यावर मी सात वेळा हा खटाटोप केला. शिक्का आला तेव्हा नाव गेले आणि नाव आले तेव्हा शिक्का गेला.

पीडीएफ केल्याने कागद अधिक स्पष्ट किंवा अधिक अधिकृत होतो, असा समज आपल्या सूचनांच्या भाषेत दिसतो. फोटोंची पीडीएफ ही बहुतेक वेळा निव्वळ पिशवी असते. तिच्यात फोटो जसाच्या तसा ठेवता येतो, आणि नीट बनवलेली साधने तो तसाच ठेवतात, म्हणून चार एमबीचे चौदा फोटो एकत्र केले की छप्पन्न एमबीची पीडीएफ होते, त्याहून लहान नाही आणि त्याहून स्पष्टही नाही. फाइल लहान होते ती फोटोतले काहीतरी टाकून दिल्यामुळे. त्यातच बहुतेक फोटो माझ्यापर्यंत येण्याआधी एकदा दाबलेले असतात. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांबीकडून साधारण १६०० बिंदूंपर्यंत लहान होतो. ए-फोर पानाला हे इंचाला १४० बिंदूंच्याही आत जाते. २०२३ मध्ये तिथे एचडीचा पर्याय आला आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर फोटो मूळ स्वरूपातच पोहोचतो, पण हे माझ्या शंभर गिऱ्हाइकांतल्या पाच जणांनाही माहीत नसते. आधी व्हॉट्सॲपने दाबलेले, मग एखाद्या ॲपने दाबलेले, मग मी दाबलेले, असे तिसऱ्या पिळाचे चित्र आपल्या लिपिकासमोर जाते आणि तो ‘अस्पष्ट’ लिहितो.

एकत्र जोडण्याच्या कामातही खाचखळगे आहेत, आणि ते मी माझ्या चुकांमधून शिकले आहे. संगणक अनेकदा फाइलींची नावे अक्षरांच्या क्रमाने लावतो, त्यामुळे पान १ नंतर पान १० येते आणि पान २ खाली जाते. म्हणून मी ०१, ०२ अशी नावे देते. फोन आडवा की उभा धरला होता याची नोंद फोटोच्या आत असते, काही साधने ती वाचतात आणि काही वाचत नाहीत, त्यामुळे माझ्या पडद्यावर सरळ दिसणारे पान आपल्याकडे आडवे पोहोचते. आयफोनचे फोटो २०१७ पासून बहुधा वेगळ्याच प्रकारात साठवले जातात, तो प्रकार आपल्यातली अनेक कार्यालये स्वीकारत नाहीत आणि ‘फाइल अमान्य’ एवढेच सांगतात.

सर्वांत वाईट चूक माझ्या हातून छपाईच्या खिडकीत झाली. विंडोज १० पासून संगणकातच अशी सोय आहे की, फोटो निवडून छपाईचा आदेश द्यायचा आणि प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडायचे; दर पानावर एक फोटो अशी फाइल तयार होते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. मात्र त्या खिडकीच्या तळाशी फोटो चौकटीत पूर्ण भरण्याच्या पर्यायावर आधीच खूण असते. फोनचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो आणि ए-फोर पान त्याहून अरुंद, म्हणून चौकट भरताना फोटोच्या दोन्ही कडा कापल्या जातात. एका रिक्षाचालकाच्या वडिलांच्या जन्मनोंदीच्या उताऱ्यात डावीकडचा अनुक्रमांकाचा रकाना असा कापला गेला, मला कळले नाही, आणि त्यांचा अर्ज परत आला. मी त्यांचे पैसे परत दिले, पण त्यांची गेलेली पाळी मी परत देऊ शकले नाही. त्याउलटही घडते. काही साधने फोटोचे बिंदू इंचाला ७२ या हिशेबाने पानावर मांडतात, मग ३००० बाय ४००० बिंदूंचा फोटो सुमारे १०६ सेंटिमीटर रुंद आणि १४१ सेंटिमीटर उंच पानाची पीडीएफ होतो. पडद्यावर तो नीटच दिसतो. आपल्या कार्यालयात तो मूळ मापात छापला की कागदावर दाखल्याचा एक कोपरा तेवढा उमटतो. पानाचे माप काय असावे हे आपल्या सूचनांत मी आजवर कुठेही वाचलेले नाही.

आता एक अशी गोष्ट सांगते, जिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये डिजिलॉकर सुरू केले, महसूल विभाग डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देतो, ई-आधारच्या फाइलवरही डिजिटल स्वाक्षरी असते. ही स्वाक्षरी फाइलच्या आत असते आणि फाइल मूळ रूपात असेल तरच तिची खातरजमा करता येते. आपण ‘सर्व एकाच पीडीएफमध्ये’ असे म्हणता तेव्हा अर्जदाराला ही अस्सल, तपासता येण्याजोगी फाइल मोडून तिची पाने दुसऱ्या फाइलमध्ये घालावी लागतात, आणि त्या क्षणी स्वाक्षरी निकामी होते. बरेच जण तर ती छापतात, तिचा फोटो काढतात आणि फोटो जोडतात. शासनाच्याच एका हाताने दिलेला पक्का पुरावा शासनाच्याच दुसऱ्या हाताच्या नियमाने कच्चा होतो. नंतर त्याच कागदाची मूळ प्रत दाखवायला माणसाला अर्धा दिवस काढून बोलावले जाते.

सुरक्षिततेबद्दल मला अधिक काळजी वाटते. ज्यांना माझ्यासारख्या दुकानात यायचे नसते ते इंटरनेटवर ‘फोटोची पीडीएफ करा’ असे शोधतात आणि जे पहिले फुकट संकेतस्थळ सापडेल त्यावर आधार, पॅन, बँकेचे पासबुक, आजाराचे अहवाल आणि स्वाक्षरीचा नमुना असा आयुष्याचा सगळा गठ्ठा चढवतात. ते संगणक कोणत्या देशात आहेत, फाइल खरोखर पुसली जाते का, हे तपासण्याचा कोणताही मार्ग त्यांच्यापाशी नसतो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात फोनने कागद स्कॅन करण्याचे कॅमस्कॅनर होते. माझ्या निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये तेव्हा तेच होते आणि त्यातून त्यांनी किती कागद पाठवले होते याची मोजदाद नाही. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यानंतरही आपले नियम लोकांना त्याच अनोळखी दारांकडे ढकलत आहेत. माझे दुकानही त्या अर्थाने अनोळखी दारच आहे. मी रोज रात्री दुकान बंद करण्याआधी सगळ्यांच्या फाइली पुसते, पण मी तसे करते यावर लोकांनी केवळ माझ्या चेहऱ्याकडे पाहून विश्वास ठेवायचा, ही व्यवस्था मला मान्य नाही.

आणि हे सगळे कोणावर येऊन पडते? परळला रुग्णालयांच्या आसपास बाहेरगावचे नातेवाईक पदपथावर पथारी टाकून राहतात. त्यांना औषधोपचाराच्या मदतीसाठी अर्ज करायचे असतात. खर्चाचे अंदाजपत्रक, तपासण्यांचे अहवाल, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आणि पुन्हा तीच ओळ, सर्व एका पीडीएफमध्ये. जुलैमध्ये एक माणूस धुळ्याहून आला होता, बायको रुग्णालयात भरती. फोनमध्ये बावीस फोटो, काचेला तडे गेलेले, बॅटरी चार टक्के. तो चार्जर लावून माझ्या स्टुलावर बसला आणि मी फोटो लावत असताना दर दोन मिनिटांनी विचारत राहिला, ‘होईल ना ताई आज?’ मर्यादा दोन एमबीची होती. अहवालातले बारीक आकडे वाचता येतील अशा बेताने ती फाइल करायला मला एक तास वीस मिनिटे लागली. तो सगळा वेळ त्याच्या बायकोजवळ कोणी नव्हते.

फाइली लहान हव्यात याचे कारण म्हणून जागेची अडचण सांगितली जाते, म्हणून तोही हिशेब मांडते. पानाला ५०० केबी दिले तर चौदा पानांचा अर्ज सात एमबीचा होतो. असे एक लाख अर्ज ७०० जीबीत बसतात. लॅमिंग्टन रोडवर कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या एक टीबीच्या डिस्कवर ते मावतील. सर्व्हरचा, सुरक्षित प्रतींचा आणि देखभालीचा खर्च वेगळा असतो हे मी जाणते, पण लाखभर कुटुंबांनी दर अर्जामागे माझ्यासारख्यांना मोजलेले पैसे आणि घालवलेले दिवस त्या खर्चापुढे ठेवून पाहावेत. फोटो जोडण्याचे तंत्रही कोणाच्या मालकीचे राहिलेले नाही. मी दुकान सुरू केले त्याच वर्षी, २००८ मध्ये, पीडीएफ हे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे खुले मानक झाले. आपल्या संकेतस्थळावर फोटो स्वीकारून त्यांची पीडीएफ आपल्याच बाजूला करणे हे आज कोणत्याही संगणक अभियंत्याला जमणारे, मोफत साधनांनी होणारे काम आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या शब्दांत मांडते.

फोटो जोडण्याचे काम अर्जदाराकडून काढून घ्यावे. अर्जात प्रत्येक कागदासाठी वेगळी जागा द्यावी, तिथे एकामागून एक फोटो चढवू द्यावेत, मागेपुढे करू द्यावेत, फिरवू द्यावेत, आणि ए-फोर मापाची एक फाइल आपल्या संगणकाने बनवावी. आपल्याला छपाईसाठी किंवा पुढच्या कार्यालयात पाठवण्यासाठी एकच फाइल हवी असेल, तर ती गरज आपली आहे.

आकाराची मर्यादा फाइलला न लावता पानाला लावावी आणि ती जुन्या, हस्तलिखित, शिक्के असलेल्या मराठी कागदांवर प्रत्यक्ष तपासून ठरवावी. माझ्या अनुभवाने रंगीत पानाला ५०० केबीपेक्षा कमी देऊ नये.

अर्ज सादर करण्यापूर्वी, छाननी करणाऱ्याला पडद्यावर जे दिसणार आहे तेच अर्जदाराला दाखवावे. हरवलेला अनुस्वार त्याच वेळी त्याच्या घरच्यांना दिसेल. त्यांना ते नाव पाठ असते.

डिजिटल स्वाक्षरी असलेल्या फाइली मूळ रूपातच, स्वतंत्रपणे स्वीकाराव्यात.

त्रुटी काढताना पानाचा क्रमांक आणि नेमके कारण लिहावे, आणि तेवढेच पान बदलण्याची जागा उघडावी. अर्जाची मूळ तारीख आणि भरलेले शुल्क कायम राहावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे, पण ती मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. एका धूसर चित्रासाठी सबंध अर्ज अपूर्ण ठरवला की तो हक्क सुरूच होत नाही. जिथे केवळ चित्र वाचता येत नाही म्हणून नकार द्यायची वेळ येते, तिथे आधी मूळ कागद पाहण्यासाठी एक संधी द्यावी.

आणि हे होईपर्यंत, निदान फोटो कसा काढावा याची मराठी सूचना अर्जाच्या पहिल्याच पानावर द्यावी. कागद सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी फोटो घ्यावा, चारही कडा चित्रात याव्यात, लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप नसावी, आणि फोटो पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. माझ्या दुकानात भिंतीवर मी हे हाताने लिहून लावले आहे. तेवढ्याने परत येणारे अर्ज कमी झालेले मी पाहिले आहेत.

यावर निर्णय घेण्यापूर्वी आपल्यापैकी कोणाला हे काम प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर सकाळी अकरा ते दुपारी एक या वेळेत माझ्या दुकानात येऊन बसावे. आपल्याच कार्यालयाचा अर्ज, कोणा एका माणसाच्या फोनवरून, त्याच्या जुन्या कागदांसह, सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हाताने भरून पाहावा.

मावशींच्या नातीचे तिसरे पान मी खिडकीतल्या उजेडात पुन्हा स्कॅन करून ठेवले आहे. ते रंगीत आहे, इंचाला ३०० बिंदूंचे आहे, १ एमबी ४०० केबीचे आहे. शिक्का गोल आणि पूर्ण दिसतो, आडनावावरचा अनुस्वार दिसतो. ते जोडायला जागा तेवढी द्यावी.

आपली,
परळ येथील एक झेरॉक्स दुकानदार